पेवात आलेला समुद्र

“पडल्या का?”

वरून आवाज आला म्हणून श्रद्धानं मान उचलली. पेवाच्या तोंडाशी एक मेंढी डोकावत होती आणि तिच्या शेजारी विस्कटलेल्या केसांचा एक तरुण चेहरा.

“पडले नाही, उतरले. तुमच्या आईला विचारून.”

“मंग ठीक. मला वाटलं, आता धान्यासारखी मानसंबी साठवून राह्यले.”

ती खळखळून हसली, आणि घोटाळा झाला तो तिथंच.

श्रद्धा जुन्या जालन्याची. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. खोल समुद्रात तळावर ठेवायचं कंपमापक यंत्र आधी एखाद्या निवांत जागी तपासून घ्यायचं होतं. टेंभुर्णीच्या शिवारातलं, पूर्वी जमिनीखाली धान्य ठेवायचं ते हे रिकामं दगडी पेव तिला पसंत पडलं होतं. वरच्या त्या तरुणानं, सुग्रीवनं, हात देऊन तिला वर घेतलं. ती वर आली तरी हात जरा वेळ सुटलाच नाही... कोणी धरून ठेवला होता, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

तिनं लॅपटॉपवर त्याला पेवात ठेवलेल्या यंत्राची एक संथ, वरखाली होणारी रेघ दाखवली.

“हे काय हालून राह्यलं? जमीन तर गप हाय.”

“जमीन कधीच गप नसते. समुद्रात समोरासमोरून लाटा भिडल्या की त्यांचा दाब पार तळापर्यंत जातो. ती थरथर खडकातून इथवर येते. तळावर तर ही कुजबुज अखंड चालू असते.”

“म्हंजी समुद्र टेंभुर्णीला येतो?”

“रोज येतो. तुम्हालाच कळत नाही.”

“आता कळून राह्यलं,” तो म्हणाला, पण रेघेकडे न बघता.

श्रद्धा कानापर्यंत लाल झाली. मग उगाचच कडक आवाजात तिनं बजावलं, की आठवडाभर इथं गडबड नको, पावलांचीसुद्धा.

आता गंमत बघा, गडबड नको होती ती यंत्राला, श्रद्धाला नव्हे. पण सुग्रीव पडला शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवसापासून स्वारी गायब!

ती रोज त्याची आई गोजरबाई यांच्या ओसरीत बसून नोंदी तपासायची. रेघ इतकी स्वच्छ, की संस्थेतले वरिष्ठ फोनवर शाबासकी देत होते. ती मात्र त्या रेघेत त्याचं एखादं पाऊल शोधत होती. एकही नव्हतं. आठवडा संपला; उद्या ती जालना सोडणार, मग दोन महिने जहाजावर. आता बोलायचं राहिलं तर कायमचंच राहील, हे तिला ठाऊक होतं.

यंत्र बंद करून आल्यावर तिनं शेवटी विचारलंच, “मावशी, सुग्रीव कुठं असतात?”

“त्याचं डोकं फिरलंय बाई,” भाकरी थापता थापता गोजरबाई म्हणाल्या. “तुझ्या मशिनीला तरास नको म्हनून मेंढरं घेऊन टेकडीकडं गेलाय. बोरची मोटर बंद. शेजाऱ्याचा ट्रॅक्टरबी हात जोडून थांबवला. कांदा सुकून राह्यला, पर न्हाई म्हंजी न्हाई.”

श्रद्धा थक्क झाली. इतके दिवस ती त्या दगडी पेवाचं कौतुक करत होती. ती शांतता एका माणसानं राखली होती, तिच्यासाठी. तिच्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नव्हतं.

ती तडक टेकडीवर गेली. तो खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता.

“यंत्र बराबर चाललं ना?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“बिलकुल. आता बंद केलंय, मोठ्यानं बोला... मी उद्या जातेय.”

“ठाव हाय.”

“मग काहीच म्हणायचं नाही?”

“काय म्हनू... तुमी समुद्रावरच्या, आमी मेंढरामागचे. तुमच्या वडलांना काय वाटंल?”

“ते त्यांना विचारू. तुम्हाला काय वाटतं?”

सुग्रीवनं मान खाली घातली. “रोज तिकडं यावं वाटून राह्यलं. कसाबसा पाय रोखला.”

“आणि मी रोज वाट बघत होते,” ती म्हणाली. “मला तुम्ही फार आवडता, सुग्रीव.”

त्यानं खांद्यावरची घोंगडी सावरली. मग हळूच म्हणाला, “तुमी मला पेवातच आवडल्या व्हत्या. मंग... जालन्याला येऊ? वडलांना भेटाया?”

“आज चला. संध्याकाळी बाबा घरीच असतात.”

“आज? सदरा तरी बदलू द्या.”

“बदला,” ती डोळे पुसत हसली. “पण जल्दी.”