आधी हँडल, मग स्टार्टर

रणगाड्याच्या पोटात आडवी होऊन ती हातातून निसटलेला पाना चाचपडत होती, तेवढ्यात डोक्यावरचं झाकण धाडकन बंद झालं आणि फटीतून निळा उजेड आत सांडला. हा उजेड कसला, हे इंजिनं उघडण्यात हयात घालवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. बाहेर कोणीतरी वेल्डिंग करत होतं. म्हणजे तिला जिवंत चिणत होतं.

तिने हाताला लागला तो हातोडा झाकणावर हाणला आणि एक अस्सल शिवी दिली.

निळा उजेड विझला.

"आत... कोण आहे?" बाहेरून पुरुषाचा आवाज.

"तुझी आजी. उघड आधी."

पण उघडणार कसं? वेल्डिंगचा एक टाका पडला होता. नखाएवढाच, पण कसबी हाताचा. ग्राइंडर आला, ठिणग्या उडाल्या, टाका कापला गेला आणि झाकण वर झालं. समोर काळ्या काचेचा मुखवटा घातलेला उंच माणूस ओणवा उभा होता.

"तो मुखवटा काढा," ती म्हणाली. "कोणाला झापतेय ते दिसू दे मला."

त्याने मुखवटा वर केला. खाली घामाने भिजलेला चेहरा होता, एका भुवईत जुन्या ठिणगीचा डाग, आणि डोळे असे, की झापायचं वाक्य तिच्या तोंडात अर्धंच राहिलं. हे तिला अजिबात आवडलं नाही.

"मला सांगितलं, रिकामा आहे," तो म्हणाला.

"कोणी?"

"संग्रहालयाच्या संचालकांनी."

"त्यांना स्वतःचं डोकं रिकामं आहे ते कळत नाही. रणगाड्याचं काय कळणार?"

तो हसला. मग म्हणाला, "मघाशी 'तुझी आजी' होती. आता एकदम 'तो मुखवटा काढा'?"

"शिवीत कोणी मान देत नाही. आता तुमचं तोंड दिसतंय, नाइलाज आहे."

हा रणगाडा संग्रहालयाच्या अंगणात ती जन्मायच्या आधीपासून उभा होता. युद्ध कधीचं संपलं, लढलेली माणसं संपली, हा मात्र उभा. दरवर्षी हिरव्यावर हिरवा रंग चढायचा आणि आत गंज शांतपणे जेवत बसायचा. ज्यांना इंजिनाची घाण नको असते ते लोक रंगावर फार प्रेम करतात.

तिच्या आत्याचं रंगावर प्रेम नव्हतं. आत्याचं गॅरेज होतं. आईबापामागे हिला तिनेच वाढवलं, आणि लिहा-वाचायला शिकवायच्या आधी नट कुठल्या बाजूने सुटतो ते शिकवलं. आत्याचे वडील, म्हणजे हिचे आबा, युद्धात असाच रणगाडा चालवायचे. परत आले ते ठार बहिरे होऊन. त्यांनी घरात कधी कोणाची हाक ऐकली नाही, लेकीचीही नाही. आत्याला एवढंच हवं होतं, "ज्या आवाजाने माझ्या बापाला माझ्यापासून तोडलं, तो आवाज मला एकदा ऐकायचाय. मरायच्या आधी. नाटक समज हवं तर."

तिने ते नाटक मानलं नाही. तिने इंजिन उघडलं.

आणि आता झाकणाला टाका. ती तशीच तेलकट हातांनी संचालकांच्या खोलीत शिरली. मागोमाग वेल्डरही आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं तरी.

संचालक टेबलावरचे तेलाचे ठसे बघत म्हणाले, "मुलं आत शिरतात हो. उद्या काही झालं तर? नव्या दालनाच्या उद्घाटनाला इंजिन सुरू झालं तर मैदानाला एक फेरी मारा. नाही झालं, तर त्याच दिवशी झाकणं कायमची बंद, रणगाडा चौथऱ्यावर, भोवती फुलझाडं." मग वेल्डरकडे वळून, "तुम्ही तोवर कुंपणाचं काम करा. त्या दिवशी मशीन घेऊन हजर राहायचं."

"राहीन," वेल्डर म्हणाला.

इंजिन गोल होतं. मधल्या दांड्याभोवती नऊ सिलिंडर, फुलाच्या पाकळ्यांसारखे. या जातीच्या इंजिनाची एक खोड असते. बराच वेळ बंद राहिलं की तेल झिरपत खालच्या पाकळ्यांत साचतं. तेल काही दबत नाही. तशात स्टार्टर दाबला, तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि आतला रॉड काडीसारखा वाकतो. म्हणून आत्याचा नियम होता, आधी हँडल, मग स्टार्टर. मागून लांब हँडल घालायचं आणि इंजिन हाताने, हळू, बरंच फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही. खालचा प्लग उघडायचा आणि तेल जाऊ द्यायचं. गरम इंजिनाला हे काही लागत नाही. थंड पडलेल्याला मात्र हात जोडून विनवावं लागतं.

आणि हँडल दोघांचं काम. आत्याचा खांदा आता वर होत नव्हता.

वेल्डर कुंपणावरून बघत होता. ती एकटी हँडलशी झटत होती. दुसऱ्या दिवशीही तो बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने हातमोजे काढले.

"मी येऊ?"

"कुंपण पळून जाईल तुमचं."

"जाऊ दे. कुंपणाला कोण विचारतं?"

खुर्चीवर बसलेली आत्या म्हणाली, "ये रे ठिणगी. पण आधी ऐकून घे. पहिला अर्धा फेरा ती, पुढचा तू. मध्ये क्षणभरही हात रिकामा जाता कामा नये."

पहिल्याच फेऱ्याला दोघांची टक्कर झाली.

"तुम्ही जरा डावीकडे सरका—" ती म्हणाली, तोवर हँडल निसटून त्याच्या गुडघ्यावर बसलं.

"हँडलवर 'तुम्ही' चालत नाही," आत्या म्हणाली. "तेवढ्यात पाय मोडतो माणसाचा."

"डावीकडे सरक," ती म्हणाली.

"सरकलो," तो म्हणाला. आणि का कोण जाणे, दोघांनाही तो एवढासा शब्द बराच वेळ पुरला.

मग रोज सकाळी हँडल. तिच्या तळहातावरून त्याच्या तळहातावर, त्याच्यावरून पुन्हा तिच्यावर. लोखंड दोघांच्या हातांनी कोमट व्हायचं. तो बोलायचा, ती उत्तर द्यायची, आणि आत्या झोपल्याचं सोंग करायची.

"तुझ्या केसांना डिझेलचा वास येतो."

"पेट्रोलचा. हे इंजिन पेट्रोलवर चालतं. वास घ्यायचाच तर नीट घे."

तो असा लाल झाला, की तिला तापलेली सळई आठवली.

त्याने फाटलेला धुराचा पाइप जोडून दिला. इतका सुंदर, की सांधा कुठे आहे ते तिला बोट फिरवून शोधावं लागलं. झाकणावरच्या त्या पहिल्या टाक्याचा खवला मात्र अजून तसाच होता. तो घासायला निघाला, तर ती म्हणाली, "राहू दे."

"का?"

"पुरावा आहे. तू मला मारायला आला होतास."

एका दुपारी पाऊस आला आणि दोघं रणगाड्यात शिरले. आत जेमतेम जागा. वर लोखंडावर थेंबांचा ताशा, झाकणाच्या फटीतून येणारी एक थंड रेघ, आणि खांद्याला खांदा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे माणसं मारायचं यंत्र. ते पुन्हा जिवंत कशाला करायचं?"

"बंद आहे म्हणून तर लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. हसून. पोरांना उचलून तोफेच्या नळीवर बसवतात. एकदा चालू होऊ दे. धूर नाकात जाऊ दे, जमीन हादरू दे, पोरं रडू देत. मग कळेल आबा कशात बसले होते. चौथऱ्यावर ठेवलं, की वाटतं युद्ध म्हणजे हिरवा रंग आणि फुलझाडं."

मग त्याने तिच्या गालावरचा तेलाचा थेंब अंगठ्याने पुसला. सावकाश, लागणाऱ्या वेळापेक्षा जरा जास्तच वेळ घेऊन. तिने पुसू दिला. मग तिने ते विचारलं, जे विचारायला नको होतं.

"इंजिन नाही सुरू झालं तर... झाकणं तू बंद करशील?"

"हो."

एवढंच. हो.

"नाही म्हणायलाही येत नाही तुला?"

"म्हणता येतं. पण मी नाही केलं तर दुसरा येईल, आणि तो घाण काम करेल. मी शब्द दिलाय तिथे. तुझ्याशी गोड खोटं बोलू?"

"बोलायचं होतंस."

"नाही बोलणार," तो म्हणाला. "तुझ्याशी तर नाहीच."

खरं बोलणारा माणूस सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्याशी बोलताना नको असतो. ती झाकण ढकलून पावसात बाहेर पडली. दुसऱ्या सकाळी तो हँडलपाशी आला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कुंपण बघा."

तुम्ही. त्याने हातमोजे घातले आणि तो गेला.

आत्याने एक डोळा उघडला. "कोणाचं नाक कापतेयस? त्याचं की तुझं?"

"मी एकटी फिरवेन."

"फिरव. मीही एकटीनेच फिरवलं आयुष्यभर. खांदा बघ माझा."

उद्घाटनाच्या सकाळी मैदान भरलं. खुर्च्या, ध्वनिक्षेपक, पांढरे कपडे. कडेला वेल्डर आपलं मशीन घेऊन उभा. सांगितल्याप्रमाणे. रणगाड्याच्या समोर, पहिल्या रांगेत, आत्या. तिने कानांत कापूस घातला नव्हता.

ती चालकाच्या जागी बसली. हँडल तिने पहाटे एकटीने फिरवलं होतं. दम लागला तिथे थांबली होती. बाहेर संचालक घड्याळ दाखवत होते. तिचं बोट स्टार्टरवर गेलं.

उघड्या झाकणात सावली पडली.

"हँडल फिरवलंस?"

"फिरवलं."

"पुरतं?"

तिने समोरच्या काट्यांवर नजर ठेवली.

"माझ्याकडे बघून सांग."

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला खोटं बोलता येईना. या माणसाचा खरं बोलायचा रोग तिलाही लागला होता.

"सुरू झालं नाही तर तुझंच काम होईल," ती म्हणाली. "तुझं मशीन तयार आहे."

"मशीन तयार आहे. माझं मन नाही. ऊठ."

दोघं मागे गेले. संचालक धावत आले, "आता हे काय? पाहुणे खोळंबलेत."

"खोळंबू देत," वेल्डर म्हणाला. "हा रणगाडा त्यांच्या आधीपासून खोळंबलाय."

तिचा अर्धा फेरा, त्याचा अर्धा. हात विसरले नव्हते. एक फेरा, आणखी एक, आणखी... आणि हँडल अडलं. आधी चिवट, मग दगडाला टेकल्यासारखं.

तिने स्टार्टर दाबला असता, तर आत्ता आत रॉड वाकलेला असता आणि सगळं संपलं असतं.

"जोर लावा," संचालक म्हणाले. "मी चार माणसं बोलावतो."

"जोर नाही," दोघं एकदम म्हणाले.

ती पाठीवर झोपून खाली सरकली. खालचा प्लग सोडवला. काळं तेल तिच्या बाहीत शिरलं, मानेवरून उतरलं, नवा सदरा बुडवून गेलं. ती खाली पडल्या पडल्या हसायला लागली.

"येतंय?" वरून तो.

"सगळं अंगावर येतंय. फिरव आता, हळू."

हँडल फिरलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं.

प्लग परत आवळून ती आत बसली आणि तिने स्टार्टर दाबला. एक खोकला. निळा धूर. दुसरा खोकला. मग नऊच्या नऊ सिलिंडर एकदम बोलले, आणि मैदान दातांपर्यंत हादरलं. पांढरे कपडे काळे झाले. पोरं रडली. नळीसमोर फोटोसाठी उभा राहिलेला एक जण खुर्चीमागे लपला. आत्या मात्र हलली नाही. दोन्ही हात मांडीवर, मान जरा कलती, कोणीतरी हाक मारल्यासारखी. तिचे गाल ओले होते आणि ती ते पुसत नव्हती.

वेल्डर उडी मारून झाकणाच्या कडेला येऊन बसला. फेरी सुरू झाली. अर्ध्यावर तिने वर बघितलं, तर त्याचे ओठ हलत होते. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत होता. त्या गोंगाटात काहीच ऐकू येणार नाही अशा खात्रीने, पुन्हा पुन्हा. भित्रट कुठला!

तिने रणगाडा मध्येच वळवून आत्यासमोर आणून थांबवला आणि इंजिन बंद केलं.

शांतता इतकी झाली, की गरम लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती.

संचालक धापा टाकत आले. "बंद पडलं?"

"बंद केलं. हा काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही." ती झाकणातून वर आली, तेलाने निथळत, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "बोल."

"इथे?"

"मला डांबायला इथेच आला होतास ना?"

त्याने मैदानाकडे बघितलं, खुर्च्यांकडे, ध्वनिक्षेपकाकडे. मग तिच्याकडे. "तू मला आवडतेस," तो म्हणाला. "पहिला टाका मारला तेव्हापासून."

कोणी शिट्टी मारली. आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी इंजिन बंद केलं? मला तर हे कधीचं ऐकू येत होतं."

"मलाही येत होतं," ती म्हणाली.

"मग बंद का केलंस?" त्याने विचारलं.

"बाकीच्यांना येत नव्हतं." तिने आपला तेलकट हात त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर ठेवला आणि पाची बोटांचा ठसा उमटेपर्यंत काढला नाही. "तूही मला आवडतोस. आणि तुझं मशीन घरी ने. आज इथे काही बंद होणार नाही."

संचालकांनी खाकरून विचारलं, उरलेली अर्धी फेरी होणार आहे का?

होणार होती. गरम इंजिनाला हँडल लागत नाही. हे तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि आत्याला तर सगळ्यांत आधीपासून ठाऊक होतं. तरी ती दोघं खाली उतरली, मागे गेली, हँडल लावलं आणि फिरवायला लागली.