पाठमोरी इंगके

इंगकेला दुसऱ्यांदा पाण्यात जायला कुणी सांगितलं?

नामेनने हे सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. सिनेमावाल्या साहेबाने मदतनिसाकडे बोट दाखवलं, मदतनिसाने कॅमेरेवाल्याकडे, आणि कॅमेरेवाला म्हणाला, उजेड कमी पडला होता. बर्लिनच्या नटीला गार पाण्याची धास्ती, म्हणून तिचा पांढरा झगा नामेनच्या बहिणीच्या अंगावर चढवला. बुडालेल्या प्रियकरामागे समुद्रात शिरणारी बाई, एवढंच काम, तेही पाठमोरं. पहिल्या वेळी इंगके हसत, कुडकुडत बाहेर आली. दुसऱ्या वेळी आलीच नाही.

आता तोच सिनेमा त्यांच्याच आम्रुम बेटावर आला होता. खानावळीच्या मोठ्या खोलीत, खिडक्यांना जुनी शिडं बांधून. आणि आई रोज दुपारी तिथे जाऊन बसत होती.

नामेनला या सगळ्याचा वीट आला होता. लोक सिनेमा बघायला येत की स्वतःला, तेच कळत नव्हतं. पडद्यावर बंदर दिसलं की कुणी आपली होडी दाखवी, कुणी सासू. खानावळवाला तर म्हणत सुटला होता की नटीपेक्षा माझी गाय बरी दिसलीय. मग पाठमोरी इंगके पाण्यात शिरे आणि सगळे मान खाली घालत. आई तेवढी पुढे झुके.

"आज थोडी वळली," घरी येताना ती म्हणे.

"आई, ती फीत आहे. फीत कशी वळेल?"

पण समजावणार किती? बेटावरची रीतच तशी. बुडालेलं माणूस एकदा घरी येतं, दिवा विझवतं, जमिनीवर खाऱ्या पाण्याचा माग सोडून जातं. मगच घरचे काळे कपडे घालतात. इंगके आली नव्हती. आईने काळं घातलं नव्हतं, आणि ती धड जेवतही नव्हती. अशी किती दिवस जगणार होती ती?

शेवटच्या खेळाला नामेन तणतणत तिला आणायला गेला. मागे केटेल्सकाका हाताने सिनेमाचं यंत्र फिरवत होते. बंद करा म्हटलं, तर ते मान हलवून म्हणाले, "थांबलो तर दिव्याच्या धगीने फीत पेटते, बाबा. हात चालूच ठेवावा लागतो."

पडद्यावर पांढरा झगा लाटांत शिरला. खोलीत ओल्या शेवाळाचा वास दाटला... आणि इंगके वळली. पुरती वळली. तिने हात पुढे केला.

यंत्रातला दिवा फडफडला आणि गेला. अंधारात कुणाची तरी ओली पावलं वाजली... मग दिवा आपोआप उजळला. आईची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरून पाणी ठिबकत होतं.

पडद्यावर आता दोन पाठमोऱ्या बायका होत्या. एकीच्या खांद्यावर आईची राखाडी शाल.

केटेल्सकाकांचा हात यंत्राच्या दांड्यावरून सुटला. नामेनने त्यांना बाजूला लोटलं, दांडा पकडला आणि उलटा फिरवायला लागला. लाटा मागे सरल्या. फेस गोळा होत गेला. दोघी मागे मागे पावलं टाकत किनाऱ्याकडे येऊ लागल्या. पाणी कमरेवरून गुडघ्यांवर आलं.

तेव्हा आईने मान वळवून पाहिलं. लहानपणी, ती कामात असताना त्याने झगा ओढला की पाहायची, तशीच वैतागून. तिचे ओठ हलले. वाऱ्यात होडी हाकणाऱ्या नामेनला ओठ वाचायची सवय होती.

"सोड ना आता, पोरा..."

"आणि मी?" तो पुटपुटला.

तोवर ती वळलीही होती. इंगकेने तिचा हात घट्ट धरला होता.

नामेनने दांडा सुलटा फिरवायला घेतला. धगीने फीत पेटणार नाही, इतपत सावकाश.

"नामेन," केटेल्सकाका मागून कुजबुजले, "फीत संपलीय रे... मघाशीच."

रिकामं चाक फटफटत होतं. पडद्यावर लाटा येतच होत्या. तो हळूहळू फिरवत राहिला, त्या दोघींना धक्का बसू नये म्हणून.