बारावं नाव

खोटं सांगून मला काय मिळणार? श्रीपाद माझा सख्खा मावसभाऊ. हे त्याच्यासोबत घडलंय, इंदूरला, 1992 च्या दसऱ्याला. तेही भर दुपारी!

मिल बंद पडत होती. शेवटच्या मशीनपूजेत, कामावर असताना गेलेल्या कामगारांची नावं वाचायची होती. रीत अशी, की नाव पुकारलं की बाकीच्यांनी त्याच्या वतीने म्हणायचं, "हाजिर!"

श्रीपाद कॉम्प्युटर सेक्शनला होता. त्याने छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम देणारा प्रोग्राम, लिहिली. गेलेल्यांच्या फाइलमधून टोकन नंबर, म्हणजे कामगाराच्या बिल्ल्याचा नंबर, उचलायचा, सगळ्या कामगारांच्या यादीत त्या नंबरच्या जागेवरचं नाव छापायचं. बस.

प्रिंटर खरखरला. बारा नावं आली.

बारावं... लक्ष्मण.

त्याचे बाबा! जिवंत, धडधाकट, खाली मांडवात तोरण बांधत होते.

त्याने लगेच फाइल तपासली. मग चूक सापडली अन् हसू आलं. जयसिंगराव नावाचा विणकर आगीत गेला होता. टोकनही जळालं, नंबर कुणालाच आठवेना, म्हणून फाइलमध्ये त्याची ओळ कोरी. नंबर कोरा असला की शेल तक्रार करत नाही, चुपचाप शून्य धरते. शून्य नंबरचं टोकन कुणाचंच नसतं, पण यादी शून्यापासूनच सुरू होते. त्या पहिल्या जागेवर टेस्टिंगसाठी या शहाण्यानेच बाबांचं नाव टाकलेलं, अन् काढायचं विसरलेला!

त्याने ते नाव पुसलं. त्याच पहिल्या जागेवर 'जयसिंगराव' टाईप केलं.

पुन्हा छापलं.

बारावं... लक्ष्मण.

तेवढ्यात शेजारच्या विणकाम खात्यातून माग चालल्याचा आवाज आला...

खटक... खटक...

सहा महिने झाले होते तिथली वीज तोडून.

श्रीपादने बारावी ओळ फाडली, खाली पेनाने 'जयसिंगराव' लिहिलं, कागद नावं वाचणाऱ्या साहेबांच्या हातात कोंबला अन् मांडवात पळाला.

"बाबा, घरी चला. अभी के अभी!"

"पूजा सोडून? पागल झालास का?"

त्याने कसंबसं सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

"आगीच्या दिवशी पाळी माझी होती, बेटा. तू तापाने फणफणला होतास. जयसिंग म्हणाला, तू घरी जा, मी उभा राहतो तुझ्या मागावर."

"असेल! पण आता चला ना!"

"त्याच्या नावाला हाजिर तर म्हणू दे. इतकंही नको करू?"

श्रीपादने हात धरून ओढलं, गयावया केली. बाबा हलेनात.

साहेब वाचू लागले. अकरा नावं झाली.

मग श्रीपादने स्वच्छ ऐकलं...

"लक्ष्मण."

त्याने बाबांच्या तोंडावर हात ठेवायला झेप घेतली. उशीर झाला. बाबा सगळ्यांच्या आधी उठून उभे राहिले होते.

"हाजिर!"

ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

साहेब देवाची शपथ घेऊन म्हणाले, "मी जयसिंगरावच वाचलं." मांडवातल्या शंभर माणसांनीही तेच ऐकलं होतं.

मनोरमा मावशी, श्रीपादची आई, अजून विचारते, "सगळ्यांच्या आधी हेच का रे उठले?" श्रीपाद तिथून उठून जातो. मला तिच्यासमोर बसवत नाही.