तराफ्यातले साडू

मोहिमेचा हेतू अगदी साधा होता. चार माणसांनी एका नारिंगी तराफ्यात बसून समुद्रात अर्धा तास काढायचा, आपण बुडत्या जहाजातून वाचलो आहोत अशी कल्पना करायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं. समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागतं. तिथं आग लागली, वायूची गळती झाली, हेलिकॉप्टर पाण्यात कोसळलं, तर जीव कसा वाचवायचा ते आठवडाभरात शिकवतात. ज्याला येत नाही त्याला पुन्हा शिकवतात.

वेल्डर हे सगळं चौथ्यांदा करत होता. प्रमाणपत्र दर काही वर्षांनी शिळं होतं आणि जुन्याजाणत्या माणसालाही पुन्हा पाण्यात उडी मारून आपण अजून तरंगतो हे सिद्ध करावं लागतं. त्याला सगळं तोंडपाठ होतं. या खेपेला मात्र त्याचं लक्ष स्वतःकडे नव्हतंच. सोबत साडू होता.

साडू कापड रंगवायच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो घरात बसला. बसल्याबसल्या त्यानं घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या, त्या संपल्यावर न बिघडलेल्या करायला घेतल्या. मग मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, यांना कुठंतरी लावा. काल यांनी चांगलं चालणारं घड्याळ उघडलं." वेल्डरनं शब्द टाकला. समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर रंगकाम करणाऱ्या टोळीत एक जागा होती. सोमवारी हेलिकॉप्टर निघायचं होतं. हातात प्रमाणपत्र असेल तर साडू त्यात बसणार, नाहीतर त्याच्या जागी दुसरा कोणी. असे दुसरे कोणी भरपूर होते.

अडचण प्रशिक्षण संस्थेच्या पोहण्याच्या तलावात आली. तिथं हेलिकॉप्टरच्या आकाराचा एक लोखंडी डबा आहे. माणसांना पट्ट्यानं आत बांधतात, डबा पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. अशा अवस्थेत पट्टा सोडायचा, खिडकी ढकलायची आणि बाहेर यायचं. नाहीच जमलं तर डोक्यावर हात ठेवायचा. शेजारी पाणबुड्या असतो, तो ओढून काढतो. साडूनं तिन्ही वेळा डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा तर डबा उलटा व्हायच्या आधीच.

त्या संध्याकाळी वेल्डर मास्तरांकडे गेला. मास्तर म्हणजे हे सगळं शिकवणारे निवृत्त खलाशी. ओली लाइफ जॅकेटं दोरीवर वाळत घालत होते.

"मास्तर, माणूस धडपड्या आहे. पाण्याला जरा बिचकतो, एवढंच. सोमवारी जायचंय त्याला."

"तुमचा कोण?"

"साडू."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. त्यांनाही एखादा साडू असावा. "बरं," ते म्हणाले, आणि कागदावर साडू हेलिकॉप्टरमधून सुखरूप बाहेर आला.

राहिला फक्त समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोटरबोटीनं तराफा बंदराबाहेर ओढत नेला. तराफा म्हणजे रबराची दोन मोठी कडी, तळाला पातळ चटई, वर तंबूसारखं छत आणि एक दार. बोटीत मास्तर आणि बोटवाला. तराफ्यात वेल्डर, साडू, एक आचारी आणि एक क्रेनवाला, चौघांच्या अंगात एकसंध बॉयलर सूट आणि वर लाइफ जॅकेट. आचारी रिगच्या स्वयंपाकघरात लागायचा होता आणि सकाळपासून मोजून दोन वाक्यं बोलला होता. क्रेनवाला एवढा आडवा होता, की तो चढल्यावर तराफा जरा विचारात पडला.

"घाबरू नका," क्रेनवाला साडूला म्हणाला. "बुडायची वेळ आली तर मला धरा. माझ्यात हवाच आहे."

साडू हसला नाही. तलावातली भरपाई समुद्रात करायची असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे त्याचे ओठ हलत होते. दोरी कापणे, नांगर टाकणे, दार लावणे.

खऱ्या तराफ्यात पिण्याचं पाणी असतं, उलटीच्या गोळ्या असतात, लाल प्रकाशाच्या नळकांड्या असतात आणि वाऱ्यानं वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात सोडायचा कापडी नांगर असतो. सरावाच्या तराफ्यातून संस्थेनं वापरल्यानं खराब होईल असं सगळं काढून ठेवलं होतं, म्हणजे सगळंच. चाकू तेवढा राहिला होता, कारण त्याचं म्यान दाराशी शिवलेलं होतं.

"दोरी कापा!" बोटीतून मास्तर ओरडले.

आता इथं एक रीत आहे. मास्तर "कापा" म्हणतात, तराफ्यातलं कोणीतरी "कापली" म्हणतं आणि दोरीला कोणी हात लावत नाही. मग "नांगर टाका" म्हटलं की "टाकला". नसलेला नांगर नसलेल्या घाईनं टाकला जातो. वर्षानुवर्षं तेलविहिरींवरची माणसं अशी तोंडी वाचत आली होती.

"कापली," क्रेनवाला जांभई देत म्हणाला.

"कापली," साडूही म्हणाला आणि कापलेलं टोक त्यानं सगळ्यांना दाखवलं.

दोरीचं दुसरं टोक पाण्यावरून बोटीकडे नागमोडी निघालं होतं.

"अहो पाहुणे," वेल्डर हळूच म्हणाला, "हे काय केलंत?"

"मास्तरांनी सांगितलं ना."

बोटवाल्यानं तराफा पकडायला बोट गर्रकन वळवली. ती नेमकी त्या दोरीवरून गेली. इंजिन एकदा खाकरलं, दुसऱ्यांदा खाकरलं आणि गप्प झालं. दोरी पंख्यात गुंडाळली होती.

वारा जमिनीकडून होता. बोट जड, ती जागीच डुलत राहिली. तराफा हलका, वर छताचं शीड. तो निघाला! मास्तर बोटीत उभे राहून दोन्ही हात हलवत होते. आधी ते मास्तर दिसत होते, मग नुसता माणूस, मग नुसते हात.

"त्यांच्याकडे वायरलेस आहे," वेल्डर म्हणाला. "बंदरातून दुसरी बोट येईल."

"कधी?" आचारी म्हणाला. हे त्याचं तिसरं वाक्य.

वेल्डरनं दारातून बाहेर पाहिलं. बंदराबाहेरचा समुद्र वेगळा असतो. तलावातलं पाणी माणसाकडे लक्ष देऊन असतं. इथं लांबच लांब करड्या लाटा कुठूनशा येत होत्या आणि तराफ्याला उचलून, पलीकडे ठेवून, मागे न बघता पुढे जात होत्या. छताखाली रबराचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. चटईतून पाण्याचा गारवा मांडीला लागत होता. थोड्याच वेळात पहिली उलटी क्रेनवाल्याला झाली. तो दाराशी सरकला. आचाऱ्यानं त्याचा पट्टा मागून धरला, आणि धरल्याधरल्या त्यालाही उमळून आलं. वेल्डर त्या दोघांना सांभाळायला पुढे झाला.

तिथंच चुकलं. तिघेही एका बाजूला, आणि मागं सगळा तराफा रिकामा. तिथं एकटा साडू, गुडघे पोटाशी घेऊन. वेल्डरला हे तोंडपाठ होतं, वजन नेहमी वाटून बसायचं. त्याला ते आठवलंसुद्धा. पण तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत रिकाम्या बाजूखाली शिरला, लाटेनं हात दिला आणि चटई उभी राहिली.

पाणी! कानात, नाकात, डोळ्यांत. वेल्डर वर आला तेव्हा तराफा पालथा होता. काळा तळ आभाळाकडे आणि छत पाण्याखाली. क्रेनवाला कडेच्या दोरीला लोंबकळत होता. आचारी त्याच्या पाठीला.

"साडू कुठाय?"

क्रेनवाल्यानं मागे वळून पाहिलं. नुसत्या लाटा होत्या.

"पाहुणे!"

घरी दोन बहिणी फोनजवळ बसल्या असतील हा एकच विचार वेल्डरच्या डोक्यात आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. तलावात हा माणूस एकदाही स्वतःहून बाहेर आला नव्हता. तरी तो पास झालाय हे तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक आत अडकलं होतं, एक दूरच्या बोटीत होतं आणि तिसरं तो स्वतः.

त्यानं लाइफ जॅकेट उतरवून क्रेनवाल्याच्या हातात कोंबलं. जॅकेट घालून खाली जाता येत नाही, ते वर ओढतं. दम भरला. बुडी मारली. हातानं चाचपत दार शोधलं, दारातून आत शिरला आणि डोकं वर काढलं. तळाखाली वीतभर हवा अडकली होती. नारिंगी अंधार होता. समोरच साडू होता.

जॅकेटमुळं तो तळाला चिकटून तरंगत होता. नाक तेवढं पाण्याबाहेर. चेहरा शांत. एक हात डोक्यावर.

"साडूभाऊ?" तो म्हणाला. "तुम्ही कशाला आलात? पाणबुड्या येईल ना."

वेल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचं पाणी होतंच.

"पाहुणे, जॅकेट काढा. खालून जायचंय."

"जॅकेट काढायचं नाही. मास्तरांनी सांगितलंय."

लाट आली. हवा होती ती निम्मी झाली.

"काढा म्हणतो ना."

"मी हात ठेवलाय डोक्यावर. दिसला असेल त्याला."

"काढ!" वेल्डर ओरडला. "गाढवा, कोणी नाहीये इथं! कोणी येणार नाहीये! काढ ते!"

लग्न झाल्यापासून वेल्डरनं साडूला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. साडूचा हात डोक्यावरून खाली आला. त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटली असावी, कारण त्यानं बकलाला हात घातला. बकल निघेना. ओल्या बोटांनी ओढलं, पुन्हा ओढलं. निघालं! वेल्डरनं त्याची कॉलर धरली आणि खाली खेचलं. दार सापडेना. कापड, नुसतं कापड. साडूचा पाय त्याच्या छातीत बसला. मग हाताला मोकळं पाणी लागलं, आणि दोघे उजेडात आले.

साडू खोकत होता, थुंकत होता, शिव्या देत होता. वेल्डरला त्या शिव्या फार गोड लागल्या.

तराफा सुलटा करायला तळाला एक पट्टा असतो. एकानं काठावर उभं राहायचं, पट्टा धरायचा आणि मागे झोकून द्यायचं. तलावात हे काम सडपातळ माणूस झोकात करून दाखवतो. इथं क्रेनवाला वर चढला.

"आता वजनाची चेष्टा करा," तो धापा टाकत म्हणाला आणि मागे पडला. तराफा उठला, थबकला आणि सरळ त्याच्या अंगावर सुलटा झाला. त्याला तराफ्याखालून बाहेर काढून वर घेताना तिघांच्या नाकी नऊ आले.

आता चौघे चार बाजूंना बसले. किनाऱ्याची रेघ पुसट झाली होती.

"असेच वाहत गेलो तर ते आपल्याला भलतीकडेच शोधत बसतील," वेल्डर म्हणाला. "नांगर पाहिजे. बॉयलर सूट काढा कोणीतरी. सगळ्यात मोठा."

सगळ्यांनी क्रेनवाल्याकडे पाहिलं.

"जरा तरी लाज राहू द्या माणसाची," तो म्हणाला आणि चेन खाली ओढली.

त्या अवाढव्य बॉयलर सुटाचे पाय आणि हात त्यांनी गाठ मारून बंद केले, गळा उघडा ठेवला, आणि कापलेल्या दोरीचा तराफ्याकडे उरलेला तुकडा त्याला बांधून पाण्यात सोडला. सूट पाण्यानं फुगला, बिनडोक्याच्या माणसासारखा लाटेखाली उभा राहिला आणि तराफ्याला मागून धरून बसला. तराफ्याची धाव मंदावली. दोरी साडूच्या हातात होती. ती कोणी मागितली नाही आणि त्यानंही दिली नाही.

दुपार उलटून गेल्यावर इंजिनाचा आवाज आला. बंदराची मोठी बोट होती. मास्तर पुढच्या टोकाला उभे होते. "चौघे आहेत?" असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि चौघे दिसत असूनही चौथ्यांदा बोटांवर मोजले.

कार्यालयात गरम पाणी मिळालं, कोरडे टॉवेल मिळाले. क्रेनवाल्याला अंगाच्या मापाचा बॉयलर सूट मिळेना, म्हणून पडदा मिळाला. मास्तरांनी टेबलावर चार प्रमाणपत्रं मांडली.

"आज तुम्ही जे केलंत ते माझ्या शिकवण्यात कुठंच नाही. चौघेही पास. घ्या."

साडूनं हात पुढे केला.

"यांचा हेलिकॉप्टरचा भाग राहिलाय," वेल्डर म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढला. "काल तुम्हीच तर..."

"हो. मीच म्हणालो होतो. म्हणायला नको होतं."

साडू त्याच्याकडे बघत राहिला. "साडूभाऊ, मघाशी मला बाहेर काढलंत. आणि आता पोटावर पाय देता?"

"आत कोणाची वाट बघत होतात?"

साडू टॉवेलनं कान पुसू लागला.

"सांगा ना."

"पाणबुड्याची."

"मी समोर आलो तरी त्याचीच. मी दिवसपाळीला असणार, तुम्हाला रात्रपाळी लागेल. मी दरवेळी शेजारी असणार आहे का?"

क्रेनवाल्याला इथं काहीतरी म्हणावंसं वाटलं असावं, पण त्यानं पडदा आवळून घेतला. आचारी खिडकीबाहेर बघू लागला. साडूनं प्रमाणपत्र उचललं, बराच वेळ बघितलं आणि मास्तरांकडे सरकवलं.

"फोटो चांगला आला होता," तो म्हणाला. मग विचारलं, "पुढची तुकडी कधी?"

"पंधरा दिवसांनी," मास्तर म्हणाले. "तोवर ती जागा..."

"माहीत आहे."

बाहेरच्या बाकावर बसून त्यानं घरी फोन लावला. वेल्डर शेजारी बसून आपल्या बोटांकडे बघत होता.

"हो, मी बराय... नाही, नाही झालं. एक भाग राहिला... नाही गं, भाऊजींचा काय संबंध? ते बिचारे पास कराच म्हणत होते. मीच म्हटलं, पुन्हा करतो... हो, मीच... समुद्र? ठीक आहे. ओला आहे."

त्यानं फोन खिशात ठेवला.

"रडतेय," तो म्हणाला. "ताई समजूत घालायला गेल्या. म्हणजे आता दोघी रडत असतील."

साडू उठला आणि तलावाच्या इमारतीकडे निघाला.

"आता कुठं?"

"मास्तर घरी जायच्या आत विचारतो. तुकडीला वेळ आहे, पण तो डबा संध्याकाळी रिकामाच असतो ना."

तो भिंतीला हात लावत चालत होता. वेल्डरनं त्याला धरायला हात पुढे केला, मग तो खिशात घातला आणि त्याच्या मागोमाग चालू लागला.