निष्कासन मार्ग

हॉस्पिटलमधली सकाळची ड्युटी संपवून माया मानपाड्याच्या आपल्या चाळीत शिरली, तर नळाजवळ वीसेक माणसं एका तरुणाला घेरून उभी. त्याच्या हातात ड्रिल मशीन, आणि भिंतीवर नुकताच बसवलेला हिरवा बोर्ड — ‘निष्कासन मार्ग’.

“चाळ पाडायला आलेत गं,” तिची आई मंजुळाबाई म्हणाली. “पलीकडच्या झोपड्यांना नोटीस आलेली, त्यात हाच शब्द होता. आठवड्यात बुलडोझर आला!”

“नाही हो, मावशी! मी मेलरॉय, मागच्या रंगाच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर. गॅस-बिस लीक झाला तर इथून बाहेर पडायचं, एवढंच. इंग्लिशमध्ये इव्हॅक्युएशन... मोबाईलवर मराठी शोधलं, तर हे आलं.”

“आमच्या वॉर्डात इव्हॅक्युएशन म्हणजे पोट साफ करणं,” माया म्हणाली. “नशीब, ते नाही लिहिलंत.”

सगळे हसले. तो कानापर्यंत लाल झाला... पण हसलाही. तिला ते आवडलं.

“मग काय लिहू, सिस्टर?”

“आग लागली तर तुमच्या आईला काय सांगाल? निष्कासन कर?”

“सांगेन... आई, चल, बाहेर पड.”

“मग तसंच लिहा की.”

चार दिवसांनी नवा बोर्ड आला — ‘धोका असेल तर इथून बाहेर पडा’. त्यानंतर मेलरॉय दर पंधरवड्याला चाळीत बाहेर पडण्याचा सराव घ्यायला येऊ लागला. त्या दिवशी मायाची नेमकी सकाळचीच ड्युटी असायची, म्हणजे दुपारी ती घरी. योगायोग नव्हता तो. ड्युट्या ती मैत्रिणींशी बदलून घ्यायची.

“पुरात माणसं हलवतात, लढाईत गावं रिकामी करतात, तुमच्याकडे पोट,” तो एकदा चहा पिताना म्हणाला. “एकच शब्द किती कामं करतो!”

“नर्ससारखा.”

“नर्स रागावते पण.”

“कुणावर रागावले मी?”

“अजून नाही... वाट बघतोय.”

मग फेब्रुवारीत, दुपारी अडीचला, दोन गल्ल्या सोडून एका बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटला. माया तेव्हा ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये होती. शेजारच्या सरोजचा फोन आला, “आम्ही सगळे शाळेच्या मैदानात आलोय. तुझी आई दिसत नाही गं...”

आईचा फोन लागेना. शेवटी तिने मेलरॉयला लावला.

“नावं वाचली, एक कमी भरलं,” तो धापा टाकत म्हणाला. “मावशीच आहेत, ना? गुडघा धरलाय म्हणून उठल्याच नसतील. मी मास्क लावून जातोय. तू फोन ठेव.”

सतरा मिनिटं. तिने दोन पेशंटची सलाईन बदलली, चार्ट लिहिला. मग फोन वाजला.

“पोरी, मी बरी आहे,” मंजुळाबाई खोकत म्हणाली. “ह्याने पाठुंगळी घेऊन आणलं मला. ओलं फडकं दिलं तोंडाला.”

माया बाथरूममध्ये जाऊन रडली. मग बदली नर्स येईपर्यंत थांबली आणि निघाली.

ती मैदानात पोचली तेव्हा साडेसहा वाजलेले. आई सतरंजीवर बसून चहा पीत होती. मायाने तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग तिला घट्ट मिठी मारली. गेटाजवळ मेलरॉय उभा होता. डोळे सुजलेले, शर्ट घामाने चिकटलेला.

“डोळे धुतलेस?”

“तीनदा, सिस्टर.”

“लोकांना घरी कधी सोडलं?”

“पाचला. गॅस नाही आता. मावशी म्हणाल्या, माया आल्याशिवाय घरात पाय ठेवणार नाही.”

“आणि तू? तुझी तर शिफ्ट साडेतीनला संपते.”

त्याने बुटांकडे पाहिलं.

“साडेतीनपर्यंत कंपनीचा होतो,” तो म्हणाला. “त्यानंतर... तुझ्यासाठी थांबलेलो. तू मला आवडतेस, माया. तुम्ही बौद्ध, आम्ही कोलशेतचे ख्रिश्चन... घरी सोपं नाही जाणार, माहितीये. पण आज मावशींना आणताना वाटलं, ही आपलीच माणसं आहेत.”

तिने पर्समधून आय-ड्रॉप्स काढले, त्याला कट्ट्यावर बसवलं, हनुवटी धरून मान वर केली. एक थेंब. दुसरा थेंब.

“झोंबतंय,” तो पुटपुटला.

“झोंबू दे. डोळे मीट.”

त्याने मिटले.

“रविवारी चर्च झाल्यावर जेवायला ये,” ती हळूच म्हणाली. “आईशी मी आधी बोलते. मग तुझ्या आईकडे आपण दोघं जाऊ.”

“डोळे उघडू?”

“नको... मी लाजतेय. थांब जरा.”

तो थांबला.