गळ्याचे माप

“आम्ही नकोसे झालो असू, तर तसं सांगा ना, वहिनी,” धाकटा दीर कात्री खाली ठेवीत म्हणाला... आणि ज्याला तिने वैधव्याच्या पहिल्याच वर्षी, स्वतःच्या पुनर्विवाहाचे स्थळ नाकारून पोटाशी धरले, बोट धरून शिवणयंत्रापाशी बसवले, त्याच्याच मुखातले ते शब्द तिच्या काळजात रुतले.

पण दोष तिचाच होता! गेले चार महिने जरा खुट्ट झाले की ती जावेवर खेकसे, आणि जाऊही उलट टोचून बोले. दुप्पट जेवूनही वाळत चालली होती. सर्वांना थंडी वाजत असता ती खिडक्या उघडी. बसल्या जागी छाती धडधडे, आणि बटणांच्या सुबक काजांसाठी नावाजलेली तिची बोटे सुईत दोरा ओवू देईनात. वयाबरोबर माणसाचा मूळ स्वभाव उघडा पडतो, असे तिने स्वतःला बजावले, आणि घराला आपली झळ नको म्हणून ती बहिणीकडे कायमची निघाली.

दिराने अबोला धरला. तरी प्रवासाचा कोट शिवायला टेप घेऊन आलाच. छाती दोन इंच उतरली होती, कंबर तीन. गळ्याशी मात्र त्याचा हात थबकला. त्याने मापांची जुनी वही उघडली, पुन्हा मोजले.

“सगळं अंग उतरलंय, आणि गळा अर्धा इंच वाढलाय. वहिनी, चला डॉक्टरांकडे.”

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, नाडी मोजली, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. तो थरथरू लागला. रक्ततपासणीनंतर त्यांनी उलगडून सांगितले, की शरीराचे रक्षकच चुकून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चाबूक मारीत सुटले आहेत, कंप, धडधड, संताप, सारे ग्रंथीच्या त्या अतिश्रमाचे परिणाम, औषधाने आवरतील.

तिने एवढेच विचारले, “म्हणजे... मी वाईट नव्हते झाले?”

दिराची मान खाली गेली. “तुम्ही मला वाढवलंत, आणि टेप लावेपर्यंत तुम्ही वाळल्याचं मला दिसलं नाही.”

घरी जावेने तिची बांधलेली ट्रंक सोडली. “तुमच्या खेकसण्याला औषध निघालं, ताई,” ती डोळे पुसत म्हणाली, “माझ्या जिभेचं काय करायचं?”

कोट पूर्ण झाला. गळा अर्धा इंच सैल होता, बटणे लागली होती. काज मात्र एकही नव्हते.

“ती तुमची,” दीर म्हणाला. “हात स्थिर झाला की करा. आता कुठं जायचंय?”