पानाची फाटकी कड

ईस्टरनंतरच्या सोमवारी आमच्या बनी मझार गावात घराघरांत फसीखचे डबे उघडतात. फसीख म्हणजे महिनाभर मिठात कुजवलेला मासा. झाकण निघालं की गल्लीभर गटार तुंबल्यासारखा वास सुटतो आणि लोक पातीच्या कांद्याबरोबर बोटं चाटत तो खातात. मला लहानपणापासून त्याची शिसारी आहे. म्हणून त्या दिवशी सुट्टी असूनही मी संग्रहालयाच्या कोठारात कामाला गेले. वास तिथेही होता. मला वाटलं, खिडकीतून येतोय.

काम होतं पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाच्या, तळहाताएवढ्या तुकड्याचं. जवळच्या बहनसा गावच्या जुन्या उकिरड्यात सापडलेला, सतराशे वर्षांपूर्वीचा, ग्रीक अक्षरांतला. मार्काच्या शुभवर्तमानातल्या सहा ओळी होत्या, त्यानंतर पान फाटलेलं. फाटक्या कडेवर वाळलेल्या शेंबडासारखा काळा थर होता. तो मी अकरा दिवस बारीक कुंचल्याने सोडवत होते. कुंचल्याचं टोक जिभेवर फिरवून नीट करायची माझी तीस वर्षांची सवय. त्या थराची चव खारट, आंबूस होती. मी चूळ भरायची आणि विसरून कुंचला पुन्हा तोंडात घालायची.

दुपारी रिफ्का आत्या डबा घेऊन आली. तिला पहारेकरी अडवत नाही, तीच त्याला अडवते.

"सणाच्या दिवशी या चिंध्यांजवळ बसतेस, दिम्याना? म्हणून तुला कुणी नवरा मिळाला नाही."

"डब्यात फसीख असेल तर परत ने, आत्या."

"बटाटे आहेत. तुझे नखरे मला माहीत नाहीत होय?" तिने काचेवर वाकून पाहिलं. "काय लिहिलंय यात?"

मी सहज सांगून टाकलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. "मुक्याची गोष्ट आहे. येशू त्याला बाजूला नेतो, थुंकतो आणि त्याच्या जिभेला हात लावतो. तिथे पान फाटलंय."

टेबलावर पांढरा वाडगा होता, त्यात तुकडा धुतलेलं तपकिरी पाणी. त्याकडे आत्या बघत राहिली.

माझा धाकटा भाऊ बाखूम जन्मांध. बावीस वर्षं आमच्या चर्चमध्ये तोच गायचा. ईस्टरआधीच्या उपवासांच्या सुरुवातीला त्याचा आवाज गेला. मिन्या शहरातल्या डॉक्टरांनी दोनदा घशात नळी घालून पाहिलं आणि हात टेकले. यंदा ईस्टरला दुसऱ्याच कुणीतरी गायलं. बाखूम खांबाआड बसून ऐकत होता, ओठ हलवत. आंधळ्याचा आवाज गेला की त्याच्याकडे उरतं काय?

मी हात धुऊन आले तेव्हा आत्या गेली होती. वाडगाही नव्हता.

आमच्या आजीच्या काळी ताटलीवर केशराने धर्मग्रंथातलं वचन लिहायचे आणि ते धुऊन आजाऱ्याला पाजायचे. मी धावत घरी पोचले तोवर बाखूमने वाडगा चाटूनपुसून लख्ख केला होता.

"आत्या, ते उकिरड्यातलं पाणी होतं. त्यात काय काय कुजलं असेल, कल्पना तरी आहे का?"

"वचन कुठेही पडलं तरी बाटत नाही," ती म्हणाली. "तू तुझं शहाणपण कोठारात ठेव."

मला उलटी झाली. बाखूमला काहीच झालं नाही.

मंगळवारी सकाळी तो गायला लागला. आत्या रडत शेजारपाजाऱ्यांना बोलावून आली. मी दारातच थांबले. शब्द ग्रीक होते. चर्चमधल्या प्रार्थनेतली चार ठरावीक ग्रीक वाक्यं सोडली तर बाखूमला ती भाषा येत नाही आणि पान त्याने कधी पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. त्याने सहा ओळी म्हटल्या. 'थुंकून, त्याच्या जिभेला' इथे आला आणि थांबला. तोंड उघडंच. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्याला दुसरं काहीच बोलता येत नव्हतं. पाणी मागायचं तरी त्याच सहा ओळी. त्याचा चेहरा घामाने भिजला होता आणि प्रत्येक वेळी तो माझी मनगटं घट्ट धरायचा. तोंडाला फसीखचा वास येत होता. घरात कुणी फसीख खाल्लं नव्हतं.

मी विजेरी लावून त्याची जीभ पाहिली. त्यावर काळ्या रेघा होत्या, माशाच्या आतड्यांसारख्या ओल्या. फडक्याने पुसल्या. पुसता पुसता त्या बोटाखाली हलल्या. फडकं मी चुलीत टाकलं.

कोठारात जाऊन तुकडा पाहिला. तो कोरा होता.

गुरुवारी त्याच्या घशातून रक्त आलं, तरी ओळी थांबल्या नाहीत. आत्याने माझे पाय धरले. "पुढचं तू म्हण गं. अर्धवट राहिलंय म्हणून तो अडकलाय. तुला सगळं पाठ आहे."

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण भाऊ माझा होता. आणि पुढचं काय आहे ते आमच्या चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. येशू वर पाहून उसासा टाकतो आणि म्हणतो, 'मोकळा हो.' मुक्याच्या जिभेचा बंद सुटतो.

बाखूम म्हणत म्हणत फाटक्या कडेशी आला. थांबला. आंधळे डोळे माझ्याकडे, तोंड उघडं.

मी वाकले. 'मोकळा हो' म्हणायला तोंड उघडलं.

जिभेवर तीच चव आली. खारट, आंबूस. अकरा दिवसांची.

जीभ आपोआप हलली. मी एक ग्रीक शब्द उच्चारला. तो मार्काच्या शुभवर्तमानात नाही.

बाखूमने तो ऐकला आणि शहाण्या मुलासारखं तोंड मिटलं.

आज सहावा दिवस. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्याने प्रयत्न केला, त्याचे दात उघडत नाहीत. नाकातून नळी घातली आहे. आत्या मला विचारते, तू त्याला काय म्हणालीस? मी मान हलवते. त्या दिवसापासून मी कुणापुढे तोंड उघडलेलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

लिहिता लिहिता आत्ता पाहिलं, पेनाचं टोक माझ्या थुंकीने ओलं आहे.